कपाटाच्या दारावरचा फळा

भाड्याचं घर पाहायला गेलं की मालक तीन गोष्टी सांगतात. डिपॉझिट किती, पाणी कोणत्या दिवशी, आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आमच्यासारख्यांना त्याच्याही आधी एक प्रश्न असतो, ‘आडनाव काय?’ तिथेच बरीच घरं संपतात. जी उरतात त्यांच्या बाबतीत मग हे तीन मुद्दे निघतात. अकरा महिन्यांचा करार होतो, आपण आत राहायला जातो आणि पुढची वर्षं दुसऱ्याच्या भिंती जपत काढतो.

सोलापुरात आम्ही आजवर चार घरं बदलली. चारही घरांत मला एकच हौस होती, स्वयंपाकघराजवळ एक फळा असावा. शिक्षिकेची हौस म्हणा. पण आता इतक्या वर्षांनी मी ती हौस मानत नाही. माझं ठाम मत झालं आहे की प्रत्येक घरात, विशेषतः भाड्याच्या, लहान, जास्त माणसांच्या आणि दोन-तीन भाषांच्या घरात, लिहून पुसता येईल अशी एक जागा हवीच. महागडी नको, कायमची तर मुळीच नको. निघणारी, हलवता येणारी हवी. आजचा लेख त्याबद्दल.

हल्ली स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात आणि ऑनलाइनही काळ्या रंगाची, मागून चिकट असलेली प्लास्टिकची गुंडाळी मिळते. साधारण 45 सेंटिमीटर रुंद आणि 200 सेंटिमीटर लांब. मागचा कागद सोलायचा आणि चिकटवायची. वर खडूने लिहा, फडक्याने पुसा, कंटाळा आला तर ओढून काढून टाका. मी पहिली गुंडाळी घेतली तेव्हा ती तीनशे रुपयांच्या आत आली होती. ही वस्तू पाहिली आणि मला आमचा गुंडाळी फळा आठवला. बी.एड.च्या सराव पाठांना आम्ही काखेत मारून न्यायचो तो, रेक्झिनचा. ज्या शाळेत पाठ असेल तिथे फळा कसा असेल याचा भरवसा नसायचा, म्हणून प्रत्येकीचा आपला फळा आपल्याबरोबर. सूक्ष्म अध्यापनात ‘फलक लेखन’ हे वेगळं कौशल्य होतं. अक्षर सरळ रेषेत हवं, मागच्या बाकावरून दिसायला हवं, आणि तास संपला की फळा स्वच्छ पुसूनच वर्गाबाहेर पडायचं. या शेवटच्या नियमाला गुण होते. पुसण्याला गुण असतात ही गोष्ट मला तेव्हा गमतीची वाटली होती. आता वाटत नाही.

तसं पाहिलं तर लिहून पुसण्याची रीत आपल्या सगळ्यांच्या घरात होतीच. मराठीत ‘धुळाक्षरं गिरवणं’ हा शब्दप्रयोग आला तो धूळपाटीवरून. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचं. मग दगडी पाटी आली, लाकडी चौकटीची. ती थुंकीने पुसली म्हणून आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी मार खाल्ला आहे. उर्दू शिकणाऱ्यांच्या हातात तख्ती होती. लाकडी फळीवर मुलतानी मातीचा लेप द्यायचा, उन्हात वाळवायची आणि बोरूच्या कलमाने शाईत लिहायचं. संध्याकाळी धुऊन पुन्हा लेप. मोरोक्को, सुदान अशा देशांत कुरआन पाठ करणारी मुलं लाकडाच्या लौहावर लिहितात, पाठ झालं की धुतात आणि त्याच फळीवर पुढचा भाग लिहितात. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 1987 पासून सरकारने प्राथमिक शाळांसाठी जी योजना आणली, तिचं मराठीत लोकांच्या तोंडी बसलेलं नावच ‘खडू-फळा योजना’ होतं. शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं गरजेचं साहित्य, असा तिचा हिशेब. म्हणजे देशाने शिक्षणाची किमान गरज मोजायला घेतली तेव्हा नावात खडू आणि फळा आला. मग घराच्या किमान गरजेत तो का नसावा?

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल.

दुसऱ्या भाड्याच्या घरात मी ती गुंडाळी थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली. भिंतीला स्वस्तातला डिस्टेंपर होता. मार्च महिना होता, दिसायला सुरेख दिसलं. एप्रिलच्या मध्यावर सोलापूरच्या उन्हाने भिंत तव्यासारखी तापायला लागली आणि वरचे कोपरे सुटून पुढे आले. मी पुन्हा दाबले, वरून सेलोटेप लावली. मे महिन्यात एका दुपारी अख्खा फळा आपोआप खाली आला, आणि एकटा आला नाही. डिस्टेंपरची साय बरोबर घेऊन आला. भिंतीवर महाराष्ट्राच्या नकाशासारखा पांढरा डाग. घर सोडताना मालकांनी त्या एका डागासाठी पूर्ण खोलीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. मी भांडले, पण मनातून मला माहीत होतं की चूक माझी होती. ‘निघणारा’ म्हणजे ‘कुठूनही निघणारा’ नव्हे, हे मी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक नियम केला. भिंत मालकाची असते, कपाट आपलं असतं. चिकटवायचं ते आपल्या वस्तूवर. आमचं लोखंडी कपाट माझ्या लग्नातलं आहे, चारही घरं त्याने पाहिली आहेत. त्याच्या उजव्या दारावर आता फळा आहे. लोखंडावर, सनमायकावर, काचेवर, गुळगुळीत टाइल्सवर ही शीट छान बसते. ऑइलपेंटच्या भिंतीवरही बसते, पण रंग नवा असेल तर तीन-चार आठवडे थांबावं. चुन्याची भिंत, डिस्टेंपर, ओल आलेली भिंत यांच्या वाटेला जाऊच नये. खात्री करायची असेल तर सेलोटेपचा एक तुकडा भिंतीला दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपला पांढरी भुकटी चिकटून आली तर भिंतीने नकार दिला असं समजा.

लावण्याची रीतही सांगून टाकते. जागा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. मागचा कागद एकदम सोलू नये, चार बोटं सोलावा आणि चिकटवत खाली यावं. मऊ कापड गुंडाळलेली पट्टी फिरवत हवा बाहेर काढावी. तरी फुगा राहिलाच तर टाचणीने टोचावं. एक दिवस तसंच राहू द्यावं. आणि मग, ही गोष्ट बहुतेक लोक विसरतात, लिहिण्याआधी खडू आडवा धरून सगळ्या पृष्ठभागावर घासावा आणि कोरड्या फडक्याने पुसावा. हे केलं नाही तर तुम्ही पहिल्यांदा जे लिहाल त्याची पुसट खूण कायम मागे राहते. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी गेलं वर्षभर फळ्यावर ‘दळण’ हा शब्द भुतासारखा दिसतो आहे. काढताना हेअर ड्रायरची गरम हवा द्यावी आणि पृष्ठभागाला लागूनच हळूहळू मागे ओढावं. चिकटा राहिला तर खोबरेल तेल चोळावं, मग साबणाचं पाणी.

ज्यांना एवढंही नको, त्यांनी हार्डबोर्डचा एक तुकडा घ्यावा, त्यावर शीट चिकटवावी किंवा फळ्याचा काळा रंग मारावा, आणि दोरी बांधून दाराच्या कडीला अडकवावा. काम तेच होतं. घर सोडताना नुसता उचलायचा.

पण फळा लावणं सोपं आहे. त्यावर काय लिहायचं आणि कुणी लिहायचं, खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

आमच्याकडे सुरुवात पाण्यापासून झाली. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या आड येतं. ते कधी आलं होतं आणि आता कधी येईल हा हिशेब आमच्या घरात फक्त माझ्या डोक्यात असायचा. शाळेत सहावीला अनेकवचन शिकवताना मी मनात टाकीची पातळी मोजायची. फळ्यावर पहिली ओळ लिहिली ती ‘पाणी : मंगळवार सकाळ’. मग त्याखाली ओळी वाढत गेल्या. गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या. धाकट्याची फी. ज्वारी संपत आली. गावाकडच्या पुतणीच्या लग्नाचा आहेर. एका रविवारी मी डोक्यातलं सगळं लिहून काढायचं ठरवलं आणि कपाटाचं दार भरलं. लिहायला खाली जागा उरली नाही.

मुलांचे अब्बू चहाचा कप घेऊन बराच वेळ दारासमोर उभे राहिले. म्हणाले, “हे सगळं रोज असतं?”

मी चिडले नाही. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपल्या घरांमध्ये, आणि यात मी हिंदू-मुसलमान असा भेद करणार नाही, घर चालवण्याचं निम्मं काम हातांनी होतं आणि निम्मं डोक्यात होतं. हातांचं काम दिसतं, त्याला निदान कधीतरी ‘दमलीस का’ असं कुणी विचारतं. डोक्यातलं काम दिसत नाही. मदत करायची इच्छा असलेला माणूसही ‘काय करू ते सांग’ एवढंच म्हणू शकतो, आणि मग सांगणं हेही एक काम होऊन बसतं. फळ्याने आमच्या घरात पहिल्यांदा ते डोक्यातलं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणलं. त्या महिन्यापासून गोळ्या आणण्याच्या ओळीवर मी पुन्हा हात ठेवला नाही. ती ओळ तेच लिहितात, तेच पुसतात.

इथेच मी एक चूकही केली, ती कबूल करायला हवी. शिक्षिकेच्या हातात खडू आला की ती घराचा वर्ग करते. मी चौकटी आखल्या. नावं लिहिली. कुणी काय करायचं, कधी करायचं. केलं की बरोबरची खूण, नाही केलं की प्रश्नचिन्ह. दोन आठवडे घर शाळेसारखं शिस्तीत चाललं. तिसऱ्या आठवड्यात मी शाळेतून आले तर माझ्या चौकटी पुसलेल्या आणि थोरलीच्या अक्षरात एकच ओळ, “अम्मी, घर म्हणजे वर्ग नाही.” अक्षर वळणदार होतं, अनुस्वार जागेवर होता, रागवायला काही कारण सापडेना. रात्री नीट विचार केला. फळ्याचा खडू एकाच माणसाच्या हातात राहिला तर तो फलक होतो, सूचना फलक. शाळेच्या कार्यालयाबाहेर असतो तसा. दुसऱ्या दिवसापासून खडूची डबी खालच्या कप्प्यात ठेवली, धाकट्याचा हात पोचेल अशी. आता नियम एकच आहे: लिहील तोच पुसेल, दुसऱ्याने लिहिलेलं विचारल्याशिवाय पुसायचं नाही. हा नियमही थोरलीचाच.

रमजानमध्ये फळ्याचं रूप बदलतं. सेहरी-इफ्तारचे छापील तक्ते प्रत्येक दुकानातून मिळतात, ते आमच्याकडेही असतात. तरी रोज संध्याकाळी धाकटा तक्त्यात बघून दुसऱ्या दिवशीच्या दोन वेळा फळ्यावर लिहितो. एखाद-दुसऱ्या मिनिटाने वेळ सरकते हे त्याला त्यामुळे कळलं. का सरकते हे विचारल्यावर भूगोल निघाला. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा आधी येतो, हे त्याने माझ्याकडून नाही, मागच्या वर्षीच्या तक्त्याशी ताडून स्वतः काढलं.

आणि एकोणतिसावा रोजा. ती रात्र खास फळ्याचीच. ईद उद्या की परवा, हे चाँदवर. छापील कॅलेंडर त्या दिवशी हात वर करतं. आमच्या दारावर दोन रकाने पडतात, ‘चाँद दिसला तर’ आणि ‘नाही दिसला तर’. पहिल्यात जादा दूध, शेवया भाजणं, कपड्यांना इस्त्री, फित्रा बाकी असेल तर तो नमाजच्या आधी. दुसऱ्यात सेहरीसाठी भिजवायच्या गोष्टी आणि गजर किती वाजताचा. मगरिबनंतर बातमी येते आणि एक रकाना पुसला जातो. कोणता पुसायचा यासाठी मुलं कपाटासमोर फडकं घेऊन उभी असतात. मला वाटतं, ज्या घराचा सण चंद्र पाहून ठरतो त्या घराला पुसता येणाऱ्या पाटीची किंमत इतरांपेक्षा थोडी जास्तच कळावी.

आता भाषेचं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आणि उर्दूचे तासही घेते. राज्यात 2020 च्या कायद्याने दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झालं. पण माझी स्वतःची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. यावर मला टोमणे मारून झालेले आहेत, या लेखाखालीही मारले जातील, ते मी स्वीकारते. परिणाम असा की मुलं मराठी बोलतात, परीक्षेपुरती लिहितात, आणि उर्दू फक्त ऐकतात. घरात दोन भाषांची शिक्षिका आणि मुलांना उर्दूत स्वतःचं नाव लिहिता येत नाही, ही लाज मी बरीच वर्षं बाळगली.

फळ्यावर मी काही शिकवायचं ठरवलं नव्हतं. झालं ते असं. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. मी सवयीने डाव्या बाजूला मराठीत यादी लिहायची आणि उजव्या कडेने उर्दूत. दोन्ही याद्या एकमेकींकडे चालत यायच्या आणि मध्ये जागा संपायची. धाकट्याला याची फार गंमत वाटली. मधली भांडणं तो सोडवायचा, ‘दूध’ शब्दाला थोडं मागे सारायचा. मग त्याच्या लक्षात आलं की उर्दू उलटी चालली तरी त्यातले आकडे डावीकडूनच लिहिले जातात. दुधाचा हिशेब दोन्ही भाषांत एकाच दिशेने होतो. हे व्याकरणाच्या पुस्तकातून कितीही सांगितलं असतं तरी त्याला इतकं पटलं नसतं. आता त्याला अलिफपासून येपर्यंत हर्फ येतात. जोडून लिहिताना चुकतो. पुसतो, पुन्हा लिहितो. वहीत लाल शाईने खोडलेलं राहतं, फळ्यावर चूक राहत नाही. लिहायला घाबरणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे, हे मी वीस वर्षांच्या नोकरीवरून सांगते.

लिहायला घाबरणारं घरात आणखी एक माणूस होतं, हे मला उशिरा कळलं. सासूबाईंनी फळा लावला त्याच दिवशी विचारलं होतं, “अच्छे कपाट को काला कायको किए?” त्यांचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता. मी पहिल्या दिवशी वर बिस्मिल्ला लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, हे पुसल्यावर भुकटी खाली पडेल, त्यावर पाय पडेल, त्याचं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं मला पटलं. फळा रोजच्या व्यवहारासाठी आहे. पाक शब्दांसाठी आपल्या घरात तुघरे आहेत, चौकटी आहेत, त्या तिथेच शोभतात. लौह धुणारी मुलंसुद्धा ते पाणी पायदळी जाऊ देत नाहीत. आम्ही फळ्यावर अल्लाहचं नाव किंवा आयत लिहीत नाही. आणि फळा कोरड्या डस्टरने नाही, ओल्या फडक्याने पुसतो. त्याचा आणखी एक फायदा झाला. खडू म्हणजे जिप्सम नाही तर चुनखडी, त्याची धूळ दम्याच्या माणसाला त्रास देते. सासूबाईंना धुळीचा खोकला आहे. ज्यांच्या घरी असा त्रास आहे त्यांनी फळा पलंगाजवळ लावू नये आणि पिठाच्या डब्यांजवळ तर नकोच. शेगडीच्या वरही नको, तेलकट वाफेने आठवड्यात चिकट होतो.

तर सासूबाई. त्यांना वाचता थोडंफार येतं, कुरआन त्या रोज वाचतात, पण लिहायला त्या कधी शिकल्याच नाहीत. त्यांच्या लहानपणी मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. लिहिता आलं तर चिठ्ठ्या लिहितील, अशी भीती. एके दिवशी दुपारी मी लवकर घरी आले. त्या कपाटासमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या आणि धाकटा त्यांना त्यांचं नाव लिहून दाखवत होता. त्यांच्या नावात दोन ‘हे’ आहेत, एक बडी आणि एक छोटी. सहा वर्षांचा उस्ताद सत्तरीच्या शागिर्दाला दोन्हींतला फरक समजावत होता, आणि त्यातही तो चुकत होता. मी दारातच थांबले. मला पाहिल्याबरोबर त्यांनी पदराने फळा पुसला.

मी काही विचारलं नाही. पुढचे कितीतरी दिवस फळ्याचा खालचा उजवा कोपरा दुपारी ओला असायचा. लिहून पुसल्याची तेवढीच खूण. कुणी पाहण्याआधी पुसता येतं, म्हणूनच त्या लिहू शकल्या, असं मला वाटतं. वही दिली असती तर त्यांनी हात लावला नसता. वही राहते, कुणाच्या तरी हातात पडते. सहा-सात महिन्यांनी त्यांनी बँकेत अंगठ्याऐवजी सही केली. तिथल्या बाबूंनी सांगितलं, रेकॉर्डला अंगठा आहे, सही बदलायची तर अर्ज भरा, फोटो आणा, परत या. घरी येऊन त्या म्हणाल्या, “अंगूठाच अच्छा था, एक चक्कर में काम होता था.” पण फोटो काढायला दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी त्याच तयार होत्या.

माझ्या मताला विरोध करणारे दोन प्रकारचे लोक मला भेटतात. पहिले म्हणतात, मोबाईल आहे, घराचा ग्रुप आहे, त्यात यादी टाका, फळा कशाला? आमच्या घरातल्या पाच माणसांपैकी मोबाईल तिघांकडे आहे. धाकटा आणि सासूबाई त्या ग्रुपमध्ये नाहीत. ज्या यादीत घरातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी व्यक्ती नाही, ती घराची यादी कशी? शिवाय मोबाईल उघडला की यादीपर्यंत पोचायला दहा व्हिडिओ ओलांडावे लागतात. कपाटाचं दार जाता-येता दिसतं.

दुसरे लोक फळ्याचे चाहतेच आहेत, पण शोभेच्या. इंटरनेटवर अशी चित्रं तुम्ही पाहिली असतील. काळी भिंत, वर पांढऱ्या नक्षीदार अक्षरांत इंग्रजी सुविचार, कडेने फुलांच्या वेली, खाली मसाल्यांच्या बाटल्यांना काळ्या चिठ्ठ्या. दिसतं छान. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तर उपयोगीसुद्धा आहेत. मी त्यावर नाव नाही, भरल्याची तारीख लिहिते, कारण हळद आणि तिखट मला नावाशिवाय ओळखू येतं. ईदला थोरली फळ्याच्या कडेने वेल काढते, ती मलाही आवडते. माझं म्हणणं एवढंच आहे की जो फळा सहा महिने पुसला गेला नाही, तो फळा राहिला नाही. ते चित्र झालं. चित्रच हवं तर चौकट करून लावावं, ते टिकेल तरी. फळ्याची शोभा त्यावरच्या अर्धवट पुसलेल्या ओळींत आहे, ‘ज्वारी’ शब्दावरच्या आडव्या रेघेत आहे. पाहुणे आले म्हणून मी आता फळा पुसत नाही. कुणी त्यावरची गॅसची तारीख वाचली तर वाचू दे.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर गुंडाळीही आणू नका. आधी मुलाची जुनी पाटी शोधा, दाराच्या कडीला अडकवा आणि एका आठवड्याचं पाणी, दूध, औषध त्यावर लिहा. खडू अशा ठिकाणी ठेवा जिथे घरातल्या सगळ्यांत लहान माणसाचा हात पोचेल. आठवड्यानंतर पाहा, तुमच्याशिवाय आणखी कुणाचं अक्षर त्यावर उमटलं का. उमटलं असेल तर मोठा फळा घ्या. नसेल उमटलं, तर फळा आणण्याआधी घरात थोडं बोलणं गरजेचं आहे.

पुढच्या महिन्यात आमचा करार संपतो. मालक भाडं वाढवा म्हणाले आहेत, आम्ही घर शोधतो आहोत. फळ्यावर सध्या सगळ्यांत वर तीन पत्ते आहेत, पाहून यायचे. दोन पुसले गेले. तिसऱ्या पत्त्यापुढे धाकट्याने उर्दूत ‘इन्शा’ एवढंच लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे. पुढचा शब्द फळ्यावर लिहायचा नसतो, हे त्याला दादीने सांगितलं आहे. तो शब्द आम्ही तोंडाने म्हणतो.